खरोलीचं चित्र

"मग अजून काय कमी पडतंय, महाराज? तुम्हीच सांगा."

मठाच्या पडवीतून खाली धरणाचं पाणी दिसत होतं. त्यावर दुपारचं ऊन पेंगत होतं. सोमगिरी महाराज तिकडेच बघत राहिले.

विचारणारा त्यांचा शिष्य, सुधन्वा घारे. शहरात नकाशे काढायची नोकरी करायचा. त्याच्या वडलांचं, बापूंचं, खरोली हे गाव याच पाण्याखाली गेलेलं. सुधन्वाचा जन्म धरण भरल्यानंतरचा. त्यानं गाव कधी पाहिलंच नव्हतं.

अलीकडे बापूंना विसर पडू लागला होता. मुलाचं नावही कधी सापडे, कधी सापडत नसे. पाण्यासमोर बसवलं की मात्र शांत असत, म्हणून महाराजांनी त्यांना मठातच ठेवून घेतलं होतं.

बापूंच्या डोक्यातून गाव पुसून जाण्याआधी आपण ते कॉम्प्युटरवर उभं करायचं, असं सुधन्वानं मनाशी ठरवलं. कॉलेजात असताना एकेक भाग जमवून त्यानं स्वतः जोडलेलं एक मशीन होतं. ते त्यानं पडवीत आणून मांडलं. सुट्टीला आला की जुन्या माणसांना विचारून विचारून तो घरं बांधायचा, वाटा काढायचा.

पण मशीन थकलेलं. एक चित्र उमटायला दुपार सरायची. आधी आभाळाची पट्टी येई, मग डोंगर, मग झाडांचे शेंडे. कौलांपाशी येऊन चित्र अडून बसे.

आणि चित्र अडलं की बापूंचं तोंड सुटे.

"आता खाली रांजण येईल बघ. त्याच्या कडेला टवका उडालाय. माझ्याच हातनं उडाला."

सुधन्वा हं हं करी. त्याचा जीव त्या रेंगाळणाऱ्या पट्टीत अडकलेला असे. आपल्या मशीनची त्याला लाज वाटे.

म्हणून या खेपेला तो नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. कार्ड लांबलचक आणि कॅबिनेट जुन्या मापाचं. आतला डिस्क बसवायचा रिकामा पत्र्याचा सांगाडा उचकटून काढला तेव्हा कुठे ते स्लॉटमध्ये बसलं. बटण दाबलं, पंखे गरगरले आणि सगळं बंद पडलं. जुन्या पॉवर सप्लायला तो भार पेलत नव्हता. सुधन्वा तालुक्याला जाऊन दुसरा घेऊन आला. पुन्हा सगळ्या वायरी सोडवल्या, पुन्हा जोडल्या.

महाराज बाजूला बसून बघत होते. "जुन्यात नवं मावतं का रे?"

"मावतं, महाराज. जागा करून द्यावी लागते."

हे त्यानं जरा तोऱ्यातच सांगितलं.

आणि आज दुपारी गाव उभं राहिलं. अर्धंमुर्धं नाही, सगळंच्या सगळं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. कौलन् कौल दिसत होतं. तुळशीची सावली जमिनीवर पडली होती. सुधन्वानं माउस फिरवला तसं गावही सावकाश फिरलं, झोपेत कूस बदलावी तसं. त्यानं बापूंना हाताला धरून समोर आणून बसवलं.

बापूंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाचं गाव हे?"

"खरोली, बापू. आपली खरोली."

"असेल..."

परक्याच्या दारात जोडावेत तसे त्यांनी हात जोडले आणि तोंड पाण्याकडे फिरवलं.

तेव्हा सुधन्वा महाराजांकडे वळून विचारत होता, अजून काय कमी पडतंय म्हणून.

"याहून मोठं कार्ड मिळतं," तो पुढे म्हणाला. "पानापानावरचं दव दाखवता येईल. तेव्हा तरी ओळखतील..."

महाराज उठले. खांद्यावरची छाटी काढून त्यांनी झटकली आणि स्क्रीनवर टाकली. वर कौलांची एक ओळ तेवढी उघडी राहिली.

"महाराज, हे काय..."

महाराज बापूंच्या शेजारी जाऊन टेकले.

"बापू, याच्या खाली काय असेल हो?"

पाण्यावरून वारा आला. छाटी हलली, पुन्हा स्थिर झाली.

"खाली ओटी," बापू म्हणाले.

"हं."

"ओटीवर वडील निजलेत. आवाज करायचा नाही." बापू आता कुजबुजत होते. त्यांचा हात उचलला गेला आणि हवेत संथपणे अर्धगोल काढू लागला. "पुढं अंगण. आई सारवतेय. तिकडच्या कोपऱ्यातनं सुरुवात करते ती... वास येतोय बघ."

सुधन्वानं ते अंगण जीव ओतून केलं होतं. रंग, भेगा, खडे, सगळं. त्याचं अंगण कोरडं होतं.

"सुधन्वा," बापूंनी हाक मारली. त्याच्याकडे न बघता, पण नावानं. "तू पण ये. कडेकडेनं ये हां... आई रागावेल."

डोळे पुसून सुधन्वा महाराजांजवळ वाकला.

"मग हे कार्ड काढून टाकू, महाराज?"

शॉक बसू नये म्हणून त्यानं पायात रबरी चपला घातल्या होत्या. महाराजांनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"आधी चपला काढ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "अंगण ओलं आहे."