गयाआत्याचा पहिला घोट

तांबखडीला डांबरी रस्ता यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा गावात सगळीकडे बाजरीच. द्राक्षाची बाग एकच, टेकडीखाली, गयाआत्याची. सासऱ्यानं लावलेली, नवऱ्यानं वाढवलेली, आणि ते दोघं गेल्यावर तिनं एकटीनं राखलेली. काळी द्राक्षं ती पायांनी तुडवायची, रांजणात भरून ठेवायची आणि त्यांची लाल दारू करायची. आता तिला वाईन म्हणतात.

ती दारू गोडेतेलापेक्षा स्वस्त होती. मजुरालासुद्धा सणाला तांब्याभर नेता यायची. आणि इथंच गावाला संशय आला. एवढी चांगली वस्तू कुणी एवढ्या स्वस्तात देतं का? नक्की काहीतरी घालत असणार. कुणी म्हणे धोतऱ्याचं बी, कुणी म्हणे कोंबडीचं रक्त, नाहीतर एवढा लाल रंग येतो कुठून?

"आत्या, परवडतं कसं गं तुला?" बायका विचारायच्या.

"वेल माझ्याकडून काही मागत नाही, मग मी तुमच्याकडून किती मागू?" असं म्हणून ती हसायची. त्या हसण्याचाही संशय यायचा. तरी लोक दारू न्यायचेच, आणि घोटाघोटाला वास घेत प्यायचे, असं म्हणतात.

पाऊस सरल्यावर एका दुपारी भामाची ठकी, नुकती चालायला लागलेली, रांजणातून काढून आत्याच्या दारापुढं टाकलेला द्राक्षांचा आंबलेला चोथा मूठमूठ खाऊन आली. तोंड जांभळं, हात जांभळे. आईच्या मांडीवर पडली ती झोपलीच. भामानं हलवलं, तोंडावर पाणी मारलं, पोर उठेना.

"माझ्या लेकराला विष घातलं गं हिनं!" भामानं हंबरडा फोडला.

गाव कोयते घेऊन बागेकडं निघालं. वाट बघितल्यासारखं निघालं, असं म्हणतात. आत्या त्यांना आडवी गेली नाही. ती ओंजळभर चोथा घेऊन भामाच्या घरी आली.

"तिकडं तुझी बाग कापतायत, नि तू इकडं कशाला आलीस?" भामा ओरडली.

"आधी पोरगी," आत्या म्हणाली, आणि समोर बसून तिनं ती ओंजळ सगळी खाल्ली. "हिला काही झालं तर मलाही होऊ दे. बघत बस माझ्याकडं."

भामा बघत बसली. पापणीसुद्धा लवली नाही तिची. आत्याचं तोंडही तसंच जांभळं झालं, पण श्वास नीट चालू होता. दिवस कलायला लागला तशी ठकीनं कूस बदलली, डोळे उघडले आणि म्हणाली, "भाकर."

भामा बागेकडं पळत सुटली. "थांबा रे, थांबा!" पण तिथं नुसते खुंट उरले होते.

कापल्या जागी वेलांतून पाणी गळत होतं. आधी पांढरं, मग लाल. ओढा लाल झाला, असं म्हणतात. लोकांनी कोयते पाठीमागं लपवले.

पण बाजरी पिकवणाऱ्या गावाला एक ठाऊक नव्हतं. पाऊस सरला की वेल छाटावाच लागतो. आत्या जीव लावून, हात राखून छाटायची. गावानं रागानं छाटला. मग काय, प्रत्येक खुंटातून फुटवे आले, फुटव्याफुटव्याला घड लागले. पानं दिसेनात एवढे घड! रांजण पुरेनात, तेव्हा ज्यांनी कोयते चालवले त्यांनीच आपले माठ आणून दिले.

आत्यानं भाव वाढवला नाही. फक्त तेव्हापासून घेणाऱ्याच्याच भांड्यातला पहिला घोट ती स्वतः प्यायची, "बघितलंस?" म्हणायची, आणि मग भांडं द्यायची.

पुढं एकदा छाटणीच्या दिवशी ती सगळ्यात जुन्या वेलाखाली टेकली, ती परत कुणाला दिसली नाही. वेलानं तिला पोटात घेतलं, असं म्हणतात. कुणी म्हणतं, माहेरी गेली. माहेर कुठलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

बाग अजून आत्याच्या सासरच्याच भाऊबंदांकडं आहे आणि वाईन अजून गरिबाला परवडते. पाऊस सरला की घरटी एकजण कोयता घेऊन छाटणीला जातो, आणि पहिला वेल भामाच्या घरची सून छाटते. वाईनच कशाला, तांबखडीत दूध द्या, काढा द्या, देणारा आधी स्वतः चाखतो. त्याला आत्याचा घोट म्हणतात.

आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई, देणारा कितीही ओळखीचा असो, त्याच्या गळ्याकडं टक लावून बघते. घोट खाली उतरलेला दिसला, की मगच हात पुढं करते.