वाजवून घेतलेला माणूस

“हात मोडला हे खरं, पण गुडघा जुना आहे!” त्रिंबकशेट म्हणाला आणि शांतपणे पानाला चुना लावू लागला.

साळू बघतच राहिली. तिचे वडील, सोनबा कुंभार, भट्टीतून मडकी काढताना राखेवरून घसरले होते. उजवं मनगट सुजून भोपळ्यासारखं झालं होतं. हाडवैद्य होता शेजारच्या गावी आणि त्याचं मोल भारी. वेळेवर हाड बसवलं नाही तर ते वाकडं जुळणार, आणि वाकड्या हातानं चाकावर मडकं उठत नाही!

“शेटजी, हाताचा नि गुडघ्याचा काय संबंध?”

“नाही कसा? मागच्या थंडीत तुझा बापच म्हणाला होता, गुडघा कुरकुरतो. गुडघा कुरकुरला म्हणून पाय घसरला, पाय घसरला म्हणून हात मोडला. म्हणजे दुखणं गुडघ्याचं! आणि गुडघा करारापेक्षा जुना. जुन्या दुखण्याला आपण पैसे देत नाही, पोरी. करारात लिहिलंय, खाली राजमुद्रा आहे.”

शेटचा धंदाच तो. धडधाकट असताना दरमहा हप्ता भरायचा. आजारी पडलं की वैद्याचा खर्च शेटनं द्यायचा. तेली, कोष्टी घोळक्यानं करार करायला गेले, त्यांना हप्ता स्वस्त लागला. पण गावात कुंभाराचं घर एकच! एकट्याला हप्ता चौपट. शिवाय दर दिवाळीला तो वाढायचा. का, तर सोनबा वर्षानं मोठा झाला म्हणून! सोनबानं पोटाला चिमटा काढून तो भरला होता.

साळू तडक दरबारात गेली.

राजा भैरवसेन हट्टी म्हणून चार मुलखांत प्रसिद्ध. सिंहासनावर बसताना त्याचा डावा गुडघा कट्‌कन वाजला. दरबारात तो आवाज कुणालाच ऐकू आला नाही. तशी शिस्तच होती.

राजानं शेटला बोलावून दोघांचं ऐकून घेतलं. “मुद्रा माझी आहे, पोरी. करार म्हणजे करार! करारापेक्षा जुनं काही चालायचं नाही.”

“पण महाराज, अंगात जुनं काही नाही असा माणूस जगात असतो का?”

“असतो की!” शेट मिशीत हसला. “तसा आणून दाखव, तुझ्या बापाचा सगळा खर्च मी करतो. आणि तान्हं मूल आणू नकोस हं, त्याचं नाक आजोबांचं निघेल!”

दरबार खो खो हसला. राजालाही गंमत वाटली.

“ठरलं! उद्या सकाळी असा माणूस आण. नाही आणलास तर पुन्हा या पायरीवर तक्रार नाही.”

घरी सोनबा म्हणाला, “साळे, नसत्या पैजा कशाला घेतल्यास? मोडला हात, मोडला!”

“आबा, तुम्ही नुसते पडून राहा. माती कुठली घेऊ, तेवढं सांगा.”

सकाळी साळू दरबारात आली ती डोक्यावर मोठी पाटी घेऊन. पाटी राजापुढे ठेवून तिनं वरचं ओलं फडकं काढलं. आत मातीचा माणूस! मांडी घालून बसलेला, मिशा पिळलेल्या, ढेरी थेट शेटजींसारखी.

“महाराज, हा माणूस. नाक, कान, गुडघे, सगळं कालच्या दुपारचं. करार झाला तेव्हा याचा पत्ताच नव्हता!”

“वा!” राजा पुढे झुकला. “शेट, काढा पैसे!”

शेट उडालाच. “थांबा, थांबा! गुडघा कालचा असेल, पण माती? ती तर डोंगराएवढी जुनी! या पोरीला वाटतं मी फसेन. अहो, माणूस काय नि मडकं काय, शेवटी सगळी जुनी मातीच!”

“माणूस नि मडकं सारखंच म्हणता, शेटजी?”

“शंभर वेळा म्हणतो!”

“मग मडक्याची चाल माणसालाही लागू!” साळू राजाकडे वळली. “महाराज, आमच्याकडे गिऱ्हाईक मडकं कसं घेतं?”

“वाजवून. पोरंसुद्धा सांगतील.”

“आणि वाजवून, पसंत करून घेतल्यावर जुनी चीर दिसली, तर?”

“तर काय? कपाळाला हात लावायचा! वाजवून घेतलेलं मडकं कुंभार परत घेत नाही.”

“करार करताना शेटजींच्या वैद्यानं आबांना असंच वाजवून घेतलं. पाठ ठोकली, छाती ठोकली, दोन्ही गुडघ्यांवर टिचक्या मारल्या. ‘खणखणीत आहे, घ्या,’ म्हणाले. मग शेटजींनी दरमहा हप्ते घेतले. तेव्हा चीर दिसली नाही, ती पैसे द्यायच्या वेळी बरी दिसली!”

शेटनं तोंड उघडलं. त्यात पान कोंबलं.

राजा असा हसला की मुकुट कानावर आला. “शेट, तुमच्याच मातीत तुम्ही रुतलात! हाडवैद्याला आत्ता गाडी पाठवा, तुमच्या खर्चानं! आणि साळू, तू बक्षीस माग.”

“महाराज, गावात लोहाराचं घर एक, न्हाव्याचं एक, कासारणीचं एक. एकेकट्याला गाठून शेटजी चौपट लावतात. आम्हा सगळ्या एकट्यांचा एक जथा करा, आणि तेल्यांच्याच दरानं हप्ता लावा.”

“एकट्यांचा कधी जथा असतो का?” शेट कळवळला.

“आजपासून असतो! आणि पहिलं नाव माझं घाला. या गावात राजाचं घरही एकच आहे.” राजानं डावा पाय पुढे केला. “या शेट, वाजवून घ्या!”

शेटनं राजाच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

कट्ट!

या वेळी तो आवाज साऱ्या दरबारानं ऐकला.

“कसा आहे?” राजानं विचारलं.

शेटनं हात जोडले. “खणखणीत, महाराज! अगदी खणखणीत!”

राजा पुन्हा हसू लागला आणि या खेपेला मुकुट सरळ पाटीतल्या मातीच्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसला.