काचेआडचा बूट

बुटांच्या आयुष्याने मोजलं, तर फार जुनी गोष्ट. शार्दूल नावाच्या एका हौशी माणसाकडे लाल बुटांचा दुर्मिळ जोड होता. तो दर रविवारी जुन्या टूथब्रशने बूट हळुवार घासायचा आणि पुन्हा काचेच्या कपाटात ठेवायचा.

“ब्रशदादा, मला एकदा तरी रस्त्यावर चालू दे ना,” डावा बूट विनवायचा.

“मळशील वेड्या!” ब्रश दटावायचा.

वर्षं गेली. न वापरलेले सोल आतून कुजले. बहिणीच्या लग्नाला शार्दूलने बूट घातले आणि इमारतीच्या जिन्यातच सोलचा भुगा झाला. त्याने घरी आणून परोपरीने चिकटवून पाहिलं, पण भुग्याला गोंद धरेना.

“तुझ्यावर एक डाग पडू दिला नाही रे मी,” ब्रश रडत म्हणाला.

 डावा बूट पहिल्यांदा रस्त्यावर गेला, तो घंटागाडीतून.