भरलेली डोणी

फार पूर्वी कझाखांच्या माळावर, जिथे दिवसभर घोडा दौडवला तरी एक झाड दृष्टीस पडत नाही, तिथे तोक्तार नावाचा एक वीर होता. तिकडे अशा माणसाला बातीर म्हणतात, आपण बहाद्दर म्हणतो तसंच. तो काही राजाचा मुलगा नव्हता. लोकरीच्या तंबूत जन्मलेला, मेंढ्या राखून मोठा झालेला साधा माणूस. पण तो बोलला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, एवढं सगळा माळ जाणून होता.

या माळावर उत्तरेच्या एका बादशहाची नजर गेली. त्याने नदीकाठी किल्ले बांधले आणि हिरवीगार कुरणं आपलीच म्हणून बळकावली. कोणी मेंढरं पाण्यावर नेली की शिपाई चाबूक घेऊन अंगावर येत. लोकांनी बरीच वर्षं सोसलं. मग एका वसंतात तोक्तार घोड्यावर बसला आणि म्हणाला, "आता पुरे." त्याच्यामागे सगळा माळ उठला.

त्याचा उजवा हात होता उराज, लहानपणापासूनचा मित्र. उराज वाघाच्या काळजाचा, पण पटकन डोक्यात राख घालून घेणारा. त्याची बायकामुलं इतरांच्या कुटुंबांबरोबर दूरच्या तळ्याकाठी तंबूत होती. किल्ला आणि ते तळं यांच्यामध्ये होता कोरडाठाक माळ, आणि त्या माळावर एकच विहीर.

ती कोणी खणली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काठावर चामड्याचा पोहरा आणि उंटाच्या केसांचा दोर कायम ठेवलेला असे. शेजारी जनावरांना पाणी पाजायची दगडाची डोणी होती. तिथली रीत अशी की आपण पाणी प्यायचं, जनावरांना पाजायचं आणि निघण्याआधी डोणी पुन्हा भरून ठेवायची. मागून कोण येईल, त्याच्या हातात दोर ओढायची ताकद असेल की नसेल, काय सांगावं.

एके दिवशी पहाटे टेहळे बातमी घेऊन आले. बादशहाची मोठी फौज तोफांसह तळ्याच्या दिशेने निघाली होती आणि दुपारपर्यंत विहिरीवर पोचणार होती.

उराजचे डोळे चमकले. "आयती संधी आहे, तोक्तार. एक मेलेला उंट टाकू विहिरीत. एक बाण न सोडता अख्खी फौज तहानेने मरेल."

"विहीर नासवायची नाही," तोक्तार म्हणाला.

"वेडा झालास का तू? ही फौज पुढे सरकली तर आधी माझी पोरं तिच्या हाती लागतील. आणि तू सापाला दूध पाजायला निघालास."

"माझी आईसुद्धा तिथेच आहे, उराज. फौजेला तळ्यापर्यंत जाऊ देणार नाही. आडवा पडेन. पण ही विहीर ना माझी, ना बादशहाची. वाटेने येईल त्याची आहे. आज आपण ती नासवली, तर उद्या माळ आपल्या हाती आला काय आणि त्यांच्या हाती राहिला काय, फरक कोणाला कळणार?"

उराजने दात-ओठ खाल्ले. तोक्तार स्वतः विहिरीपाशी गेला. आपल्या माणसांनी पाणी पिऊन घेतल्यावर त्याने दोर धरला, पोहऱ्यामागून पोहरा ओढला आणि डोणी काठोकाठ भरली. मग सगळे स्वार टेकडीआड जाऊन थांबले. विहिरीवर नजर ठेवायला उराज गवतात पालथा पडून राहिला. मनातल्या मनात तो मित्राला शिव्या घालत होता.

दुपारी फौज आली. सेनापतीने भरलेली डोणी पाहिली आणि घोडा आवरला. त्याला विषाची शंका आली. त्याने मागे हात केला, तसे दोन शिपाई एका म्हाताऱ्याला ओढत पुढे घेऊन आले. म्हाताऱ्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, कझाख घालतात तशीच.

उराजला आता नीट दिसलं. तोफगोळे, पिठाची पोती, सगळं ओझं उंटांवर होतं आणि उंट हाकणारे यच्चयावत कझाख होते. किल्ल्यातल्या शिपायांनी त्यांना तंबूंतून धरून आणलं होतं. सेनापतीच्या गाडीवर त्याच्यापुरती पाण्याची पिंपं होती. उंटवाल्यांकडे काहीच नव्हतं. विहीर नासली असती तर पहिला मेला असता तो हा म्हातारा. वड्याचं तेल आपण वांग्यावर काढायला निघालो होतो, हे उराजला कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

म्हाताऱ्याने डोणीकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर बसला आणि ओंजळीने पोटभर प्यायला.

"भीती नाही वाटली तुला?" सेनापतीने विचारलं.

"नाही, हुजूर. डोणी भरून गेलाय तो. असा माणूस विष नाही घालत."

सेनापती हसला. "बंडखोर घाबरलेले दिसतात. आपल्यासाठी पाणी भरून पळाले."

म्हातारा उठून आपल्या सोबत्यांकडे गेला आणि त्यांच्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलला. संध्याकाळी फौजेने विहिरीपाशीच तळ ठोकला आणि रोजच्यासारखी ओझी उतरवून उंटवाले उंट चरायला घेऊन निघाले. घोड्यांच्या खुरांचा माग ओळखत ते टेकडीपर्यंत आले, टेकडी ओलांडली आणि थेट तोक्तारच्या माणसांत येऊन उभे राहिले.

सकाळी सेनापती उठला तेव्हा तोफा होत्या, पिठाची पोती होती, पण ती उचलायला एकही उंट नव्हता. टेकडीवर मात्र स्वारांची लांबच लांब रांग उभी होती. तोफा तिथेच वाळूत सोडून, हाती लागेल तेवढं पाणी घेऊन त्याने परतीची वाट धरली. तोक्तारचे स्वार पार किल्ल्यापर्यंत त्याच्या मागे गेले आणि त्याला कुठेही टेकू दिलं नाही. तळ्याकाठच्या पोरांना लढाईचा आवाजही ऐकू आला नाही.

स्वार माघारी आल्यावर उराजने म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुम्ही आमच्याकडे यायचं कधी ठरवलंत?"

"डोणी भरलेली दिसली तेव्हाच. म्हटलं, आपलं माणूस पुढे गेलंय आणि मागच्याला विसरलेलं नाही. मग आणखी काय ठरवायचं, लेका?"

उराज उठला आणि एकटाच विहिरीवर गेला. फौजेने डोणी कोरडी करून टाकली होती. स्वतः पाणी पिऊन त्याने घोड्याला पाजलं. मग अस्तन्या वर करून त्याने दोर धरला आणि डोणी काठोकाठ भरेपर्यंत पोहरा ओढत राहिला.

तात्पर्य: शत्रूला हरवण्यासाठी आपली रीत मोडू नये, त्याच रीतीवरून आपली माणसं आपल्याला ओळखतात आणि येऊन मिळतात.