हौसाबाई आणि नदीचा उतार

फार फार वर्षांपूर्वी दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक छोटंसं गाव वसलं होतं. गाव लहान, पण खाणाखुणा भरपूर. टेकडीवर भैरोबाची उंच दीपमाळ. वेशीवर सात खोडांचा वड. आणि गावाच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत एक दगडी हत्ती. तो कुणी घडवला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुण्याला वाट सांगायची, तर लोक म्हणायचे, "दीपमाळ डाव्या हाताला ठेवा, हत्तीपाशी नदी उतरा, की आलंच आमचं घर."

हत्तीजवळ नदी उथळ होती. तिथून लोक चालतच पैलतीरी जायचे, म्हणून त्या जागेला उतार म्हणत. पण डोंगरातली नदी ती! गावात ऊन असलं तरी वर पाऊस झाला की बघता बघता फुगायची. म्हणून गावाचा एक नियम होता: हत्तीच्या पोटाला पाणी लागलं की उतार बंद. मग कितीही घाई असो, वरच्या घळीतल्या लाकडी साकवावरून तीन कोसांचा वळसा घालून जायचं.

हा नियम पाळवून घेण्याचं काम हौसाबाईकडे होतं. अंगानं काटक, बोलायला रोखठोक. नदीच्या तळाचा दगड न् दगड तिच्या पायाला ओळखीचा. हातात वेताची काठी घेऊन ती काठावर उभी राहिली की पाटीलसुद्धा मागे फिरायचे.

भाद्रपदातली सकाळ होती. गौरी उद्यावर आल्या होत्या. ऊन छान पडलं होतं, पण वरच्या डोंगरावर ढग काळेभोर होते. पाणी चढत चढत हत्तीच्या पोटाला टेकलं. हौसाबाईनं काठी आडवी धरली. "उतार बंद!"

काठावर बरीच माणसं खोळंबली. माहेराला निघालेल्या लेकुरवाळ्या बायका होत्या. तीन तट्टांवर गुळाच्या ढेपी लादलेला एक व्यापारी होता. तो तर चिडलाच.

"अहो बाई, बोटभर तर पाणी टेकलंय! सण तोंडावर आलाय. माझा गूळ काय शिमग्याला विकू?"

"बोटभर असो नाहीतर हातभर," हौसाबाई म्हणाली, "टेकलं ते टेकलं. साकवावरून जा."

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. हौसाबाईचा जावई धावत आला होता.

"मामी! रखमाच्या पोटात दुखायला लागलंय! सुईण आलीय, पण रखमा सारखी तुमचंच नाव घेतीय. लवकर या!"

रखमा हौसाबाईची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणात तिचा जीव जाता जाता वाचला होता. तेव्हा हौसाबाईनं दोन दिवस तिचा हात सोडला नव्हता.

लेकीचं घर समोरच दिसत होतं. उतारानं गेलं तर चार पळांचं अंतर. साकवावरून गेलं तर दुपार कलणार.

तिनं पाण्याकडे पाहिलं. आपण पार होऊ, याची तिला खात्री होती. तिनं लुगड्याचा काचा मारला आणि एक पाऊल पाण्यात टाकलं.

मागे कुजबुज झाली. तिनं वळून पाहिलं. एका बाईनं आपलं लेकरू कडेवर घेतलं होतं. दुसरीनं गाठोडं डोक्यावर ठेवलं होतं. व्यापाऱ्यानं तट्टांचे दोर सोडले होते. हौसाबाई जाते म्हणजे वाट मोकळी झाली, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

हौसाबाईनं पाऊल मागे घेतलं.

"अगं, तू जा!" एक म्हातारी कळवळून म्हणाली. "लेकीचा प्रश्न आहे. तुला कोण नावं ठेवील? आम्हाला थांबा म्हण, आम्ही थांबू."

"तोंडानं थांबा म्हणू आणि पायानं चला म्हणू? आजी, माणसं पायाचंच ऐकतात."

मग तिनं पैलतीराकडे तोंड करून हाक दिली, "जावईबापू, घरी चला! मी साकवावरून येते. रखमाला म्हणावं, आई वाटेला लागली!"

आणि हातातली काठी तिनं कुणाला दिली असेल? त्या चिडलेल्या व्यापाऱ्याला!

"हे काय?" तो गडबडला.

"मी येईपर्यंत उतार तुमच्या स्वाधीन. सगळ्यांत जास्त घाई तुम्हाला आहे. तुम्ही थांबलात तर कोण पुढे जाईल?"

व्यापारी काठीकडे बघतच राहिला. हौसाबाई केव्हाच चालू लागली होती.

वड मागे पडला. टेकडीची चढण लागली. पायात काटा मोडला, तो काढायलाही ती थांबली नाही. डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा येत होता, पण पाऊल कचरत नव्हतं. दीपमाळेपाशी पोचते तोच खालून गडगडाट ऐकू आला. तिनं वळून पाहिलं. नदीतून तांबड्या पाण्याचा लोंढा येत होता. उन्मळलेली झाडं काडीसारखी वाहत होती. बघता बघता उतार दिसेनासा झाला. काठावर मात्र सगळी माणसं जिथल्या तिथे उभी होती. त्यांच्यापुढे व्यापारी दोन्ही हातांनी काठी आडवी धरून उभा होता.

हौसाबाईनं भैरोबाला हात जोडले आणि साकवाची वाट धरली.

ती लेकीच्या घरी पोचली, तेव्हा बाळ केव्हाच जन्माला आलं होतं. मुलगी झाली होती. रखमा दमलेली होती, पण सुखरूप होती. आईला पाहून तिचे डोळे भरून आले.

"किती हाका मारल्या मी तुला. समोरूनच का आली नाहीस गं?"

हौसाबाई उशाशी बसली. तिनं लेकीचा हात हातात घेतला. "आले असते बाळा. पण माझ्या मागून सतरा जणी आल्या असत्या, कडेवर लेकरं घेऊन. त्यासुद्धा कुणाच्यातरी लेकीच ना?"

रखमानं बाळाला उचलून हलकेच आईच्या मांडीवर दिलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. हौसाबाई परत आली, तर व्यापारी अजून काठावरच होता. वळशाची चढण झेपेना म्हणून काठावर अडकलेल्या बायकामुलांना त्यानं गूळ वाटून टाकला होता. काठी परत देताना तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी लोंढा यायच्या आधी आणखी दोघे-तिघे माझ्याशी भांडले. मी त्यांना एवढंच सांगितलं, की जिची लेक पलीकडे अडली होती, तीसुद्धा वळशानंच गेली. मग तेही काठावरून मागे सरले."

तात्पर्य: दुसऱ्याला घालून दिलेला नियम खरा की खोटा, हे तो आपल्यावर येतो तेव्हा ठरतं; लोक आपलं बोलणं ऐकतात, पण चालतात आपल्या पावलांमागून.