हरण्याची मान

फार मागं, माणसं आपल्या मनातल्या शंका बैलाला विचारत, त्या काळी हरण्या नावाचा एक नंदीबैल होता. ढोल गुबूगुबू वाजला की मान डोलवायची, एवढंच त्याला मारून मारून शिकवलेलं. पाऊस येईल का, पोरीचं लग्न जमेल का, लोक काहीही विचारत. हरण्या मान डोलवी आणि लोक खूश होऊन सुपानं जोंधळा वाढत.

एका गावी पाटलानं सोनाई नावाच्या विधवेला त्याच्यापुढं ओढत आणलं. "सांग नंदीबाबा, माझ्या म्हशीवर हिनंच करणी केली ना?"

याच सोनाईनं सकाळी हरण्याला पाणी पाजलं होतं. मालक मल्लू ढोल बडवत राहिला, पण हरण्यानं मान ताठ धरली.

"बघा," पाटील ओरडला, "हिच्या पापानं नंदीसुद्धा थिजला!"

हरण्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं जोरजोरात नकाराची मान हलवली.

"बघा, बघा, कसा खवळलाय हिच्यावर! हाकला हिला गावाबाहेर!"

डोलवली तरी तेच, नाही डोलवली तरी तेच! मग विचारता कशाला रे, मुडद्यांनो? हरण्यानं मल्लूच्या हातातला कासरा हिसडला, शिंगं खाली घेतली आणि तो थेट पाटलावर धावला.

पाटील धोतर सावरत उकिरड्यावर चढला. गाव वाट फुटेल तिकडं पळालं. चावडीपुढं उरली एकटी सोनाई.

त्या शिंगांचा अर्थ मात्र कुणालाच विचारावा लागला नाही.