मुका झालेला ढोल

एका डोंगराळ गावाच्या वेशीवर एक कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात हेमांगी तावरे नावाची एक हुशार मुलगी एम.टेक. करत होती. शिकायची काय, तर न आलेले पूर संगणकात आणायचे आणि न मोडलेले पूल संगणकात मोडून बघायचे. ऐकायला गंमत वाटते ना? पण गमतीचं काम नव्हे ते, बरं का. संगणकातला पूल मोडला तर उठून चहा प्यायला जाता येतं. खरा मोडला तर माणसं जातात.

गावाच्या नदीवर एक झुलता पूल होता. लोखंडी दोरांना टांगलेला, फळ्यांचा. पलीकडे वाघजाईचं देऊळ. जत्रेत पालखी आजवर होडीतून जायची, यंदा ती पुलावरून न्यायची असं गावाने ठरवलं. सरपंच कॉलेजात आले आणि म्हणाले, "एवढी माणसं पूल पेलेल का, ते तेवढं सांगा." हेमांगीच्या मार्गदर्शक देवस्थळी मॅडमनी तो प्रश्न तिला प्रबंधासाठी दिला. म्हणाल्या, "तू हिशेब कर. तू हो म्हणालीस तर मी गावाला हो कळवते."

हेमांगीची खोलीतली मैत्रीण सुगंधा त्याच गावची. तिचे वडील आबा पालखीपुढे ढोल वाजवायचे. दोघी मैत्रिणी पुलाच्या मधोमध जाऊन उड्या मारून आल्या, आणि पूल किती वेळात शांत होतो ते यंत्राने मोजलं. पूल शांत होईचना. सुगंधाचं हसू थांबलं तरी फळ्या हलतच होत्या.

त्या मोजणीतून एक आकडा निघाला. त्याला ही मंडळी डॅम्पिंग म्हणतात. आकडा मोठा असेल तर थरथर चटकन दबते, छोटा असेल तर दबत नाही. या पुलाचा आकडा अगदीच छोटा निघाला.

हेमांगीने तो संगणकात घातला. मग संगणकातल्या पुलावर पालखीची गर्दी सोडली, ढोलाच्या ठेक्यावर पावलं टाकणारी. पूल हलला. मग आणखी हलला. मग असा काही उसळू लागला की शेवटी पडद्यावर आकडेच उमटेनात.

"मेला प्रोग्रॅमच बिघडलाय," हेमांगी वैतागून म्हणाली.

आता या धंद्यातल्या लोकांची ही खोडच. उत्तर भयंकर आलं की पहिला संशय प्रोग्रॅमवर. संशय घ्यावा, त्यात काही वावगं नाही. पण मग शोधावं तरी! संगणक असा हिशेब काळाचे छोटे तुकडे पाडून करतो. ते तुकडे अधिक बारीक करून तोच हिशेब पुन्हा लावला, की खोट प्रोग्रॅमची का पुलाची ते कळतं. त्याला आठवडा लागला असता, आणि सादरीकरण तर दुसऱ्याच दिवशी होतं. नोकरीही त्यावर ठरायची होती. हेमांगीने काय केलं, तर डॅम्पिंगचा आकडा जरासा वाढवला. मग आणखी जरासा. पडद्यावरचा पूल जेवून झोपलेल्या मांजरासारखा निवांत पडला.

सादरीकरणात मॅडमनी विचारलं, "मोजलेलाच आकडा घातलास ना?"

"हो मॅडम," हेमांगी म्हणाली.

त्याच दुपारी मेसमध्ये तिच्या हातून स्टीलचा पेला निसटला. फरशीवर आपटला, उडाला, गडगडत भिंतीपर्यंत गेला. आवाज मात्र झाला नाही. हेमांगीला वाटलं, कानात दडा बसला असेल. मग कुकरची वाफ उसळली आणि शिट्टी वाजली नाही. डॉक्टरांनी कान तपासले आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत तुझे."

खोलीत कपडे वाळत घालायची तार होती. हेमांगीने ती बोटाने ओढून सोडली. तार थरथरलीच नाही. ओढली तशी वाकली आणि जागेवर येऊन गप्प उभी राहिली. तेवढ्यात समोर बसलेल्या सुगंधाने तोंड उघडलं आणि नुसतंच उघडं ठेवलं.

"काय गं, काय झालं तुला?" हेमांगीने घाबरून विचारलं.

"अगं, हसतेय ना मी! बहिरी झालीस की काय?" सुगंधा म्हणाली. तिचे शब्द ऐकू आले, पण कुणी इस्त्री फिरवल्यासारखे सपाट. हेमांगीने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून "आई" म्हणून पाहिलं. गळ्याची थरथर बोटांना जेमतेम लागली.

आणि तिला कळलं होतं हो! आकडा कुठे बदलला, काय दाबलं, सगळं पक्कं ठाऊक होतं. तिने संगणक उघडलासुद्धा. मग नोकरी आठवली आणि तिने तो मिटून टाकला. जत्रा होऊन जाऊ दे, मग बघू, असं स्वतःला सांगत राहिली.

जत्रेचा दिवस उजाडला. काठावर मांडव घातला होता. आपल्या पुलाचं चित्र गावकऱ्यांना दाखवायला हेमांगी संगणक घेऊन तिथे बसली होती, मॅडमही आल्या होत्या. पालखी आली. गुलाल उडत होता, माणसं नाचत होती, आबांच्या गळ्यात हा एवढा ढोल. त्यांची टिपरी ढोलावर पडत होती आणि आवाज येत नव्हता. भर उन्हात शेकडो माणसं तोंडं उघडून मुकी नाचत होती.

पालखी पुलावर चढली. पहिली फळी, दुसरी फळी. सगळ्यांची पावलं एका ठेक्यात पडत होती. पूल हलला. मग आणखी हलला. हे तिने आधी पाहिलं होतं. अगदी असंच.

"थांबा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

ओठ हलले. छाती फुगली. गळा दगडासारखा स्थिर राहिला. शेजारी उभ्या सुगंधाने वळूनही पाहिलं नाही, तिची नजर पुलावर, बापावर.

हेमांगीने संगणक ओढला. तो खोटा आकडा पुसला, पुलाने स्वतः दिलेला आकडा घातला आणि कळ दाबली. पडद्यावरचा पूल उसळू लागला, आणि त्याच क्षणी ढोल कानांवर आदळला, धाडकन! हसणं, ओरडणं, टाळ, आणि त्या सगळ्याखाली लोखंडी दोरांचं कण्हणं.

"आबा, ढोल बंद करा! ठेका मोडा! मागे फिरा!"

गळा फाटेल असा तो आवाज होता. आबांची टिपरी हवेतच थांबली. माणसं गोंधळली, पावलांचा ठेका मोडला, आणि एकमेकांना धरत सगळे काठावर आले. पालखीही आली. रिकामा पूल मात्र किती तरी वेळ हलत राहिला. मग मधला एक दोर तुटला आणि फळ्या नदीत पडल्या.

हेमांगीने तिथेच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मॅडम, मी खोटं बोलले. आकडा मी वाढवला होता. मघाशी ओरडायला गेले, तर आवाजच फुटला नाही." मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वर्ष गेलं तुझं. आणि तुझ्या शब्दावर मी गावाला हो म्हणाले." नोकरीही गेली. पण तिला जे लागलं, ते आबांचं बोलणं. आबा ढोल उतरवत शांतपणे म्हणाले, "ओरडलीस ते बरं केलंस, पोरी. पण आधी का नाही ओरडलीस? तेव्हा तर तुला आवाज होता."

पुढे हेमांगी शिकून मोठी झाली. आजही कुठल्याही पुलाच्या हिशेबावर सही करण्याआधी ती टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यावर टिचकी मारते आणि कान देऊन थांबते. पेला नीट वाजला, तरच सही करते.

तात्पर्य: नको असलेलं उत्तर दाबून टाकलं म्हणून धोका टळत नाही. तो फक्त आपल्याला ऐकू येईनासा होतो, आणि वेळेला आपला आवाजही कुणाला ऐकू जात नाही.